पाय मोडला तर पात्राचाही पाय मोडतो: नाटक-मालिकांच्या निर्मात्यांना खुलं पत्र

मराठी व्यावसायिक नाटकांचे आणि मालिकांचे निर्माते, वाहिन्यांतली क्रिएटिव्ह मंडळी आणि नाटकांचे व्यवस्थापक यांना,

स. न. वि. वि.

पत्र लांब होणार आहे आणि तुमच्यापैकी बरेच जण ते दोन प्रयोगांच्या मधल्या वेळेत वाचणार, म्हणून मागणं आधी सांगते. मालिकेत एक शिफ्ट संपून दुसरी सुरू होईपर्यंत मध्ये निदान ११ तास मिळावेत. चालत्या नाटकातल्या प्रत्येक बोलत्या भूमिकेसाठी दुसरा नट आधीपासून बसवून ठेवलेला असावा. केलेल्या कामाचे पैसे ९० दिवसांनी नव्हे, महिन्याभरात यावेत. आणि नटांपासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना धरून एक गटविमा असावा, ज्यात मानसोपचारतज्ज्ञाची फी आणि गोळ्यांचं बिलही बसेल. यात सहानुभूती कुठे मागितलेली नाही. तिचा तुटवडा मला कधी जाणवला नाही. दरवर्षी १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनी, ती माझ्या फोनवर ढिगाने येते.

डॉक्टरांच्या फायलीत माझ्या नावापुढे बायपोलर डिसऑर्डर असं लिहिलेलं आहे. कधी काही आठवडे असे येतात की झोप लागत नाही आणि तिची गरजही वाटत नाही, डोक्यात एकाच वेळी चार नाटकं बसत असतात, हातात पैसा राहत नाही आणि तोंडात शब्द राहत नाही. मग कधी महिनेच्या महिने असे, की उठून केस विंचरायचे म्हटलं तरी दुपार होते. वीसेक वर्षं त्यावर लिथियमच्या गोळ्या घेते आहे. त्याच वर्षांत नाटकं केली, मालिका केल्या, दौरे केले, एखाददुसरं बक्षीसही घेतलं. तेव्हा या आजारासकट काम करता येतं का, हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला आहे. उरला आहे तो एवढाच, की आणखी किती वर्षं करता येईल. त्याचं निम्मं उत्तर माझ्या डॉक्टरांकडे आहे आणि निम्मं तुमच्या कॉलशीटवर, म्हणजे कुणी किती वाजता हजर व्हायचं त्या कागदावर.

पत्राखाली नाव नाही. भित्रेपणा म्हणा हवं तर. माझ्याबरोबर काम केलेल्या एका गुणी नटाने एका दिवाळी अंकात आपल्या नैराश्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं होतं. पाठीवर थाप सगळ्यांनी दिली. पुढच्या वर्षी कामाचा फोन एकाचाही आला नाही. मला अजून घराचे हप्ते फेडायचे आहेत.

आपल्या धंद्याला नटाचं दुखणं सांभाळून घेता येत नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. इतकं लवचिक दुसरं क्षेत्र मी पाहिलेलं नाही. मालिकेतल्या नायिकेचा पाय मोडला की दुसऱ्याच दिवशी पात्राचाही पाय जिन्यावरून घसरतो आणि तीन आठवडे सासूबाई तिला पलंगावर चहा आणून देतात. टीआरपी वाढला तर प्लास्टर आणखी आठवडाभर ठेवतात. कुणी गरोदर राहिली तर कॅमेरा खांद्याच्या खाली उतरत नाही आणि तिच्या हातात सतत उशी नाहीतर परात दिसू लागते. नायकाला डेंग्यू झाला की तो ऑफिसच्या कामाने बंगळुरूला जातो. पैशांवरून वाजलं तर अख्खं पात्र अपघातात जातं आणि प्लास्टिक सर्जरी करून नव्या नटाचा चेहरा घेऊन परत येतं. ज्या लेखकांना हे सगळं एका रात्रीत सुचतं, त्यांना माझ्या पात्राला आठ दिवस माहेरी पाठवणं जड नाही. जड जातं ते कारण ऐकणं. कावीळ झाली म्हटलं तर उसाचा रस येतो. मन ताब्यात नाही म्हटलं तर ‘हिचे नखरे वाढले’ असा निरोप व्यवस्थापकामार्फत येतो.

आता झोपेबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं. या आजाराला काय उचकवतं, असं कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला विचारा. पहिल्या दोन-तीन कारणांत तो झोपमोड सांगेल. एखादी रात्र जागून काढली की तुमचं दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं. माझ्यासारखीची दोन-तीन जागरणं लागोपाठ झाली तर उन्माद, म्हणजे ते झोपेची गरज न वाटणारे आठवडे, सुरू होऊ शकतो, तो आठवडेच्या आठवडे आवरत नाही आणि त्याच्या मागोमाग नैराश्य दारात उभं असतं. गोळी चुकलेली नसते, कुणी मन दुखावलेलं नसतं, घरात काही अघटित घडलेलं नसतं. फक्त वेळापत्रक बिघडलेलं असतं. या आजारावरच्या उपचाराची एक पद्धतच अशी आहे, की रोजची उठण्याची, जेवण्याची, कामाला लागण्याची आणि झोपण्याची वेळ पक्की करायची आणि वहीत लिहायची. ती वही मी ठेवते. शुक्रवार ते सोमवारच्या पानांवर काय लिहू, ते तुम्ही सांगा.

कारण आपला शुक्रवार ते सोमवार असा असतो. शुक्रवारी रात्री साडेनऊपर्यंत मढला शूटिंग, ठाण्याला घरी पोचायला साडेअकरा. शनिवारी पहाटे बस, दुपारी साडेबाराला पुण्यात प्रयोग, रात्री साडेनऊला दुसरा. पडदा पडतो साडेबाराला, सेट उतरून गाडी भरेपर्यंत दीड, ढाब्यावर जेवण अडीचला, तिथून बस सरळ नाशिकला. सकाळी हॉटेलात तीन तास पाठ टेकवायची आणि रविवारी परत दोन प्रयोग. मुंबई गाठायला मध्यरात्र उलटते. सोमवारी सातचा कॉल, म्हणजे मेकअप आणि केस धरून सहाला हजर.

दौऱ्याची मजा मलाही ठाऊक आहे. बसच्या मागच्या सीटवर जेवढं नाटक शिकले तेवढं कुठल्या शिबिरात शिकले नाही. दौरे बंद करा असं माझं म्हणणं नाही. सोमवारचा कॉल दुपारी बाराचा करा. ११ तासांचा आकडाही मी हवेतून काढलेला नाही. युरोपियन युनियनच्या कामाच्या वेळेच्या २००३ च्या नियमांत दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांती हीच किमान मर्यादा धरली आहे, आणि तीही ठणठणीत माणसांसाठी.

तुम्ही म्हणाल, रोजची मालिका आहे, भाग तर जायलाच हवा. जायलाच हवा. पण सेटवर एकदा घड्याळ घेऊन बसा. बारा-तेरा तासांच्या शिफ्टमधला सकाळचा मोठा तुकडा आम्ही कपडे चढवून सीनची वाट बघण्यात घालवतो, कारण वाहिनीकडून ट्रॅक, म्हणजे पुढचं कथानक, मंजूर होऊन आलेला नसतो. दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर सीन येतो, मग संध्याकाळी सहा सीन रेटायचे आणि पॅकअप पुढे पुढे सरकत जातं. आमची झोप कामाने जात नाही, वाट बघण्याने जाते. हातात आधीच चित्रित केलेल्या आठ-दहा भागांची बँक असेल तर हे होत नाही, आणि बँक का राहत नाही याचं कारण मेकअपरूममध्ये सापडणार नाही. ते वाहिनीच्या बैठकीच्या खोलीत शोधावं लागेल. त्याच बैठकीतून रात्री एक वाजता ‘सकाळपर्यंत तीन सीन बदलून दे’ असा फोन संवादलेखकाला जातो. आमचा निदान चेहरा दिसतो, म्हणून कुणी तरी ‘डोळे सुजलेत का’ विचारतं. लेखकाचा चेहरा कुणी बघतही नाही.

थोडं शरीराविषयी, कारण मनाचा आजार म्हटलं की लोकांना वाटतं सगळं डोक्यातच चालतं. लिथियम हे जुनं औषध. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये त्याचा उन्मादावरचा उपयोग जगापुढे मांडला. स्वस्त आहे आणि अनेकांना त्याने उभं ठेवलं आहे. पण रक्तातली त्याची पातळी एका अरुंद पट्ट्यात राहावी लागते. कमी झाली तर उपयोग नाही, जास्त झाली तर विष. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासायचं, थायरॉइड आणि मूत्रपिंडं बघायची. आता मे महिन्यात एखाद्या जुन्या वाड्यातलं शूटिंग डोळ्यांसमोर आणा: आवाज येतो म्हणून पंखे बंद, अंगावर नऊवारी आणि दागिने, वरून लाइटची धग. घाम गेला आणि पाणी पोटात गेलं नाही तर ही पातळी चढते. डोकं दुखतंय म्हणून प्रॉडक्शनच्या पेटीतून कुणी प्रेमाने आयब्युप्रोफेनची गोळी दिली तरी चढते. म्हणून मी सारखं पाणी पिते, आणि या औषधाने लघवीलाही सारखं जावं लागतं. नाट्यगृहांतली बायकांची स्वच्छतागृहं आणि रात्रीचे हायवेवरचे थांबे यांबद्दल मी वेगळं लिहायला नको. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी दौऱ्यावर पाणीच पीत नाहीत. त्यांना त्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, मला लिथियमची विषबाधा होऊ शकते. नाट्यगृहांच्या तारखांसाठी आणि भाड्यासाठी तुम्ही महापालिकांना निवेदनं देता. त्याच निवेदनात स्वच्छतागृहाची एक ओळ घाला.

माझा हात थोडा थरथरतो. कपबशीच्या क्लोजअपमध्ये ते दिसतं, आवाजही येतो. एका दिग्दर्शकाने काही न विचारता कपबशी काढून माझ्या हातात मग दिला आणि सीन पुढे नेला. त्या माणसासाठी मी आजही दुसऱ्याची तारीख मोडायला तयार असते.

वजनाचं तसं नाही. या आजारात दिली जाणारी काही औषधं, ओलान्झापिन त्यांतलं एक, भूक आणि वजन दोन्ही वाढवतात. ‘मॅडम, जरा चेहऱ्यावर आलंय, वाहिनीवाले बोलत होते’ हे वाक्य ऐकून औषध बंद केलेल्या नट्या मी पाहिल्या आहेत. दोन महिन्यांत बारीक झाल्या, पडद्यावर सुरेख दिसल्या, आणि त्यानंतरच्या कुठल्याच मालिकेत दिसल्या नाहीत.

‘कलावंत म्हटला की थोडा वेडा असायचाच’ असं आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. म्हणणारा सहसा आठ तास झोपून आलेला असतो. स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख रुग्णांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बायपोलर असलेली माणसं कलेच्या आणि संशोधनाच्या व्यवसायांत प्रमाणाबाहेर आढळली हे खरं. पण स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्यांची निरोगी भावंडंही तशीच जास्त आढळली, आणि नुसत्या नैराश्याच्या रुग्णांत असा फरक दिसला नाही. मी याचा अर्थ असा लावते, की घराण्यात जी काही देणगी असेल ती आजाराचं तिकीट न काढताही मिळते. उन्मादात केलेली तालीम मला स्वतःला अद्वितीय वाटते. समोरच्या नटाला विचारा: मी त्याच्या वाक्यावर चढते, त्याचे पॉझ खाते, ठरलेल्या हालचाली बदलते. लोकांनी लक्षात ठेवलेली माझी कामं सगळी गोळ्या नीट चालू असतानाची आहेत. याची दुसरी बाजू लपवत नाही. डोस जास्त झाला की आतून सगळं सपाट होतं आणि पाठांतर जड जातं. ते डॉक्टरांशी बोलून, मात्रा कमी-जास्त करत, महिनोन्महिने घालवून सोडवावं लागतं. त्यासाठी तालमीच्या काळात अधूनमधून एखादी दुपार मोकळी लागते. ती द्या. ‘गोळ्या सोड, तुझ्यातली आग गेली’ हा सल्ला मात्र देऊ नका. तो देणाऱ्याला पुढे कुणी रुग्णालयात भेटायला बोलावत नाही, म्हणून त्याला त्याचा शेवट माहीत नसतो.

रंगभूमीवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला बालगंधर्वांची गोष्ट सांगतात. १२ मार्च १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते तोंडाला रंग लावून उभे राहिले. या गोष्टीपुढे मीही हात जोडते. पण शंभराहून अधिक वर्षं आपण ती अशी सांगत आलो आहोत की एका असामान्य माणसाची एका दिवसाची गोष्ट सगळ्यांसाठी नियम होऊन बसली. बाप गेला तरी प्रयोग, १०३ ताप तरी प्रयोग, सलाइनची सुई काढून प्रयोग, दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो आणि खाली ‘हाडाचा कलावंत’. ज्याने त्या दिवशी प्रयोग केला नाही, त्याचं हाड कशाचं मग? बालगंधर्वांच्या जागी दुसरं कुणी उभं राहू शकलं नसतं, मान्य. कौटुंबिक नाटकातल्या वकिलाच्या, शेजारणीच्या, धाकट्या जावेच्या जागी राहू शकतं.

पर्यायी नट ही काही विलायतेहून आणायची गोष्ट नाही. ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० ला रंगमंचावर आलं. अप्पासाहेब बेलवलकर म्हटलं की डॉ. श्रीराम लागू आठवतात, पण ती भूमिका दत्ता भटांनी केली, सतीश दुभाषींनी केली, यशवंत दत्तांनी केली. एवढी नट संपवणारी भूमिका चौघांना पेलता आली आणि लोकांनी चौघांनाही पाहिलं. आपण आज रिप्लेसमेंट करतो ती आग लागल्यावर: बुधवारी फोन, दोन दिवस हातात वही घेऊन तालीम, शनिवारी प्रयोग. त्या बिचाऱ्या नव्या नटाची झोप कुठून येणार?

हेच आधी बसवता येतं. सहायक दिग्दर्शक किंवा छोट्या भूमिकेतला नट दुसरी भूमिका पाठ करून ठेवील. दर दहा-बारा प्रयोगांतला एक त्याच्या वाट्याला येईल, त्या प्रयोगाची पूर्ण नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, त्याला मिळेल आणि बाहेरच्या बोर्डावर त्याचं नाव लागेल. तालमी वाढतील, खर्च वाढेल, माहीत आहे. नाट्यगृहाचं भाडं, वर्तमानपत्रातली जाहिरात, बस आणि बॅकस्टेज जाऊन हातात काय उरतं, हे बुकिंगच्या खिडकीमागे बसून मी पाहिलेलं आहे. ऐनवेळी रद्द झालेल्या एका रविवारच्या प्रयोगाशेजारी हा खर्च ठेवून बघा. जिथे प्रेक्षक एकाच चेहऱ्यासाठी तिकीट काढतो तिथे पर्याय चालणार नाही. तिथे पैसे परत करण्याचा नियम तिकिटावर छापा आणि मोकळे व्हा.

तुमची भीती मला कळते. १९९५ मध्ये लंडनच्या वेस्ट एंडमधून स्टीफन फ्राय हा नट चालू नाटक सोडून, कुणाला न सांगता, बेल्जियमला निघून गेला. त्या निर्मात्यावर काय गुदरली असेल ते मी तुम्हाला सांगायला नको. पुढे २००६ मध्ये त्याने आपल्या बायपोलरविषयी बीबीसीसाठी माहितीपट केला. पण त्याची गोष्ट सांगताना पळून गेलेली रात्रच सांगितली जाते. २००३ ते २०१६ पर्यंत त्याने बीबीसीवरचा एक प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम वर्षानुवर्षं सांभाळला, हे सांगायचं राहून जातं.

पैशांबद्दल फार बोलत नाही, सगळ्यांना तोंडपाठ आहे. जानेवारीत केलेल्या कामाचा चेक एप्रिल नाहीतर मेमध्ये, १० टक्के टीडीएस कापून. माझी औषधं, तपासण्या आणि थेरपिस्टची फी मात्र जानेवारीतच द्यावी लागते. पैसे अडकले की घरात सगळ्यात आधी काय बंद होतं? मुलाची शाळा नाही, घराचा हप्ता नाही. थेरपी बंद होते, कारण ती बंद झाल्याचं कुणाला दिसत नाही. मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली, मध्ये काही महिने निम्म्या खुर्च्यांवर चालली, परत बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्या काळात तुमच्यापैकी अनेकांनी बॅकस्टेजच्या लोकांना शिधा पोचवला, ते कुणी विसरलेलं नाही. त्या पिशव्यांत गोळ्या नव्हत्या.

विम्याच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे ठणकावून सांगितलं. अडचण अशी, की नेहमीची पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावर जागी होते. माझ्यासारखीचे रुग्णालयातले दिवस थोडे. खर्च सगळा बाहेरच्या तपासण्यांचा आणि औषधांचा, तोही आयुष्यभराचा. एकटीने पॉलिसी घ्यायला गेले तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबा असं सांगतात. गटविम्यात ही अट काढून घेता येते, जादा हप्ता भरून ओपीडीचा खर्चही जोडता येतो. एका नाटकाच्या वीस माणसांना कुठली कंपनी दाद देणार? सगळ्या निर्मात्यांनी नाट्य परिषदेसारख्या संस्थेला मध्ये घेऊन मोठा गट केला तर त्यांचाच माणूस चहा घेऊन येईल.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत मानसिक आजारही आहे, आणि त्या कायद्यात वाजवी सोय करून देण्याची भाषा आहे. पण तिच्यावर बोट ठेवायला मी कुणाची तरी कर्मचारी असायला हवी. आम्ही करारावर व्यावसायिक आणि सेटवर रोजंदार. म्हणूनच हे पत्र सरकारला नाही, तुम्हाला लिहिते आहे.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. वीस जणांची बस म्हणजे दोघं. त्यातली एक मी. दुसरं कोण ते मी विचारत नाही आणि तुम्हीही विचारू नका. कुणी आपण होऊन सांगितलं, तर कारणं खोदत बसण्यापेक्षा ‘कॉल किती वाजता ठेवू?’ एवढं विचारा. बाकी त्याचे डॉक्टर बघतील. आणि ते ऐकलेलं प्रसिद्धीवाल्यांच्या कानावर घालू नका. मालिकेचे आकडे पडायला लागले की नायिकेची ‘नैराश्याशी झुंज’ नेमकी त्याच आठवड्यात बातमीत कशी येते, हे प्रेक्षकांना कळत नसेल, आम्हाला कळतं.

आपल्याकडे विचारायला माणसं नाहीत असंही नाही. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ आणि नट. ठाण्यात १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था उभी करणारे डॉ. आनंद नाडकर्णी मानसोपचारतज्ज्ञ आणि नाटककार. इतक्या जवळची माणसं दुसऱ्या कुठल्या धंद्याला लाभली असतील असं मला वाटत नाही. नाटकात मनोरुग्णाचं पात्र असलं की तो कसा बघतो, कसा चालतो, हे शिकायला आपण डॉक्टरांच्या दारात जातो. कंपनीतल्या माणसांचं वेळापत्रक कसं आखावं हे विचारायलाही त्याच दारात जाता येईल. आणि सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, क्रमांक १४४१६. तो प्रत्येक मेकअपरूममध्ये आरशाच्या कोपऱ्यात चिकटवा; पाच मिनिटांचं काम आहे, बैठक लागत नाही.

करारात घालायचं कलम मी लिहूनच देते, म्हणजे मसुदा कोण करणार यावर विषय लांबणीवर पडायला नको. वकिलाकडून भाषा घासून घ्या, अर्थ तेवढा शाबूत ठेवा:

‘कलावंताची एक उपस्थिती संपल्यापासून पुढची उपस्थिती सुरू होईपर्यंत किमान ११ तासांचे अंतर राहील, दौऱ्यातील प्रवासाचा वेळ उपस्थितीत धरला जाईल. कलावंताने नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र दिल्यास आजाराचे नाव सांगण्याची सक्ती केली जाणार नाही. रजेच्या काळात भूमिका पर्यायी कलावंत करील व रजा संपताच ती मूळ कलावंताकडे परत येईल. मोबदला काम झाल्यापासून ३० दिवसांत अदा होईल. कलावंताच्या प्रकृतीची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय वाहिनी, प्रसिद्धीयंत्रणा किंवा अन्य कुणाला दिली जाणार नाही. हे कलम पडद्यामागील कामगारांनाही लागू राहील.’

कळावे,

आपली,
तुमच्यापैकी काहींच्या नाटकांत आणि बऱ्याच जणांच्या मालिकांत काम केलेली एक नटी, ठाणे